मत कोणाचे? पॅसिफिक बेटांच्या स्वयंनिर्णयाविषयी वाचकांचे प्रश्न

न्यू कॅलेडोनिया हा ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस असलेला फ्रान्सच्या ताब्यातील द्वीपसमूह. तेथे मे २०२४ मध्ये झालेल्या उद्रेकाविषयी गेल्या अंकात एक छोटे टिपण दिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रे लांब असल्याने आशय कायम ठेवून ती संक्षिप्त केली आहेत.

“न्यू कॅलेडोनियातील मतदारांनी २०१८, २०२० आणि २०२१ अशा तीन सार्वमतांत फ्रान्सपासून वेगळे होण्यास नकार दिला, असे आपणच लिहिले आहे. तीनदा कौल मिळूनही विषय मिटत नसेल, तर सार्वमत घ्यायचे तरी कशासाठी?” – निवृत्त मुख्याध्यापक, सांगली

सर, ते तिन्ही कौल शेजारी शेजारी मांडून पाहावेत, अशी माझी विनंती आहे. ४ नोव्हेंबर २०१८ रोजी स्वातंत्र्याच्या विरोधात ५६.६७ टक्के मते पडली. ४ ऑक्टोबर २०२० रोजी ते प्रमाण ५३.२६ टक्क्यांवर उतरले आणि १२ डिसेंबर २०२१ रोजी ते एकदम ९६.५० टक्क्यांवर गेले. चौदा महिन्यांत कोणत्याही समाजाचे मत इतके पालटत नाही. पहिल्या दोन वेळी ऐंशी टक्क्यांहून अधिक मतदार केंद्रावर आले होते, तर तिसऱ्या वेळी ४३.८७ टक्केच आले, कारण कनाक या मूळ रहिवाशांच्या स्वातंत्र्यवादी पक्षांनी मतदानावर बहिष्कार घातला होता. त्या सप्टेंबरपासून बेटांवर कोविडची लाट आली होती आणि अनेक कनाक कुटुंबांत मृत्यू झाले होते. त्यांच्यात मरणोत्तर विधी दीर्घकाळ चालतात आणि त्यांत सारे कुळ गुंतलेले असते, म्हणून मतदान पुढे ढकलावे अशी विनंती त्यांनी केली. पॅरिसने ती मानली नाही. तो निकाल कायद्याने वैध ठरला आहे. परंतु ज्यांच्या हक्कासाठी ही सारी प्रक्रिया उभी राहिली, तेच घरी बसलेले असताना मिळालेल्या कौलाला मी उत्तर म्हणू शकत नाही. असे पूर्वीही घडले होते. १९८७ च्या सार्वमतात फ्रान्समध्ये राहण्याच्या बाजूने ९८ टक्के मते पडली, तेव्हाही कनाकांचा बहिष्कार होता, आणि त्यानंतर अवघ्या आठ महिन्यांत उवेआ बेटावर रक्त सांडले.

खरा वाद काय ठरवायचे याहून कोणी ठरवायचे याचा आहे. फ्रान्सने १८५३ मध्ये ही बेटे ताब्यात घेतली आणि १८६४ पासून तेथे काळ्या पाण्याची वसाहत चालवली. पॅरिस कम्यूनचे बंडखोर आणि अल्जीरियातील १८७१ च्या उठावातले लोकही तेथे पाठवले गेले. निकेलच्या खाणींसाठी जावा, जपान आणि व्हिएतनाममधून मजूर आणले गेले. या काळात कनाकांना त्यांच्या जमिनींवरून हटवून राखीव क्षेत्रांत कोंडण्यात आले. १८८७ पासून १९४६ पर्यंत त्यांच्यासाठी वेगळी दंडसंहिता होती आणि सर्व कनाक प्रौढांना मताधिकार मिळायला १९५७ साल उजाडावे लागले. मत मिळाले तोपर्यंत त्या मताचे वजन कमी करण्याचा विचारही आकाराला येत होता. १९७२ मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी आपल्या एका मंत्र्याला पत्र लिहिले. स्थानिकांच्या राष्ट्रवादी मागणीला आळा घालायचा असेल, तर बाहेरून आलेल्यांची संख्या बहुसंख्य व्हायला हवी आणि त्यासाठी फ्रेंच नागरिकांचे स्थलांतर घडवून आणावे, असा त्या पत्राचा स्पष्ट आशय होता. निकेलच्या भरभराटीमुळे माणसे तशीही येतच होती. २०१९ च्या जनगणनेत २,७१,४०७ लोकसंख्येपैकी ४१.२ टक्के लोकांनी स्वतःला कनाक म्हणवले आणि २४.१ टक्क्यांनी युरोपीय.

ही पार्श्वभूमी ठाऊक असली म्हणजे कनाक नेते मतदारयादीसाठी जिवावर का उदार होतात, हे उमगते. नोव्हेंबर १९८४ मध्ये कानाला गावात कनाक नेते एलोई माशोरो यांनी कुऱ्हाडीने मतपेटी फोडली. त्याआधी एक वर्ष, जुलै १९८३ मध्ये, पॅरिसजवळच्या नैंव्हील-ले-रोश येथील बैठकीत काय घडले होते, त्याचा उल्लेख मात्र फार थोडे लोक करतात. तेथे कनाकांचा स्वातंत्र्याचा उपजत हक्क मान्य झाला आणि त्याच वेळी कनाक नेत्यांनी कैद्यांच्या व जुन्या वसाहतकारांच्या वंशजांना ‘इतिहासाचे बळी’ मानून त्यांनाही भविष्य ठरवण्याच्या प्रक्रियेत सामावून घेण्याची तयारी दाखवली. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांनीच हे दार उघडले होते. त्या निवेदनावर सही करायला नकार दिला तो फ्रान्सनिष्ठ पक्षाने. मे १९८८ मध्ये उवेआच्या गुहेवर झालेल्या लष्करी कारवाईत एकोणीस कनाक आणि दोन सैनिक मारले गेले. त्यानंतर जून महिन्यात कनाकांचे नेते जाँ-मारी चिबाऊ आणि फ्रान्सनिष्ठांचे नेते जाक लाफ्लर यांनी मातिन्याँ येथे, म्हणजे फ्रेंच पंतप्रधानांच्या पॅरिसमधील निवासस्थानी, हस्तांदोलन केले. पुढच्याच वर्षी, ४ मे १९८९ रोजी, उवेआतच एका कनाकाने चिबाऊ आणि त्यांचे सहकारी येवेने येवेने यांना गोळ्या घातल्या, कारण त्याच्या दृष्टीने हा समझोता म्हणजे विश्वासघात होता.

त्याच वाटेने ५ मे १९९८ रोजी न्यू कॅलेडोनियाची राजधानी नुमेआ हिच्या नावाने ओळखला जाणारा करार झाला. त्याच्या प्रस्तावनेत वसाहतकाळाच्या काळ्या बाजूची कबुली आहे. या करारानुसार प्रांतिक निवडणुकांसाठी वेगळी मतदारयादी ठरली आणि २००७ च्या घटनादुरुस्तीने ती गोठवली गेली; १९९८ नंतर आलेल्यांना तीत जागा नाही. २०२४ मध्ये पॅरिसच्या संसदेत दहा वर्षे वास्तव्य असलेल्यांना मत देणारे विधेयक पुढे आले आणि नुमेआ पेटले. यादीबाहेर राहिलेल्यांची तक्रार खोटी नाही. सर्वसाधारण मतदारांपैकी सुमारे पाचवा हिस्सा प्रांतिक मतदानापासून वंचित आहे आणि त्यांतले कित्येक वीस-वीस वर्षे तेथे घर करून राहिलेले आहेत. अशा माणसाला कायमचे परके ठेवणे मलाही योग्य वाटत नाही. परंतु जी यादी दोन्ही बाजूंच्या सहमतीने ठरली, ती दूरच्या संसदेतील बहुमताने एकतर्फी बदलणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ते विधेयक अखेर सोडून द्यावे लागले. जुलै २०२५ मध्ये बूजिव्हाल येथे ‘न्यू कॅलेडोनिया राज्या’ची नवी कल्पना मांडणारा करार झाला, तेव्हा ऑगस्टमध्ये कनाक आघाडीने, म्हणजे स्वातंत्र्यवादी पक्षांच्या आघाडीने, तो नाकारला.

“कनाक ही एकच जमात आहे का? तेथे अठ्ठावीस भाषा आहेत असे वाचले. मग ही ओळख खरोखर जुनी आहे की चळवळीने घडवलेली?” – मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी, नाशिक

शब्द परका आहे आणि ओळख अलीकडे घडलेली आहे, म्हणून ती खोटी ठरते असे मात्र नाही. ‘कनाका’ हा हवाईयन भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ माणूस. जहाजांवरील खलाशी आणि मळेवाले तो पॅसिफिकभर बेटांवरच्या मजुरांसाठी वापरू लागले आणि न्यू कॅलेडोनियातील फ्रेंचांच्या तोंडी तो शिवीसारखा झाला. बेटांवरील अठ्ठावीस भाषांतील माणसे स्वतःला आपल्या कुळाच्या, दरीच्या किंवा डोंगराच्या नावाने ओळखत. साऱ्यांना मिळून एक नाव देण्याची त्यांना कधी गरजच पडली नव्हती, कारण साऱ्यांना मिळून एकाच तराजूत तोलणारे कोणी तोवर आलेले नव्हते. १९७० च्या दशकात पॅरिसमध्ये शिकून परतलेल्या तरुणांनी तोच अपमानाचा शब्द उचलला, त्याचे फ्रेंच लेखन बदलले आणि लिंग-वचनानुसार तो चालवायचा नाही असे ठरवून फ्रेंच व्याकरणातून त्याला बाहेर काढले. १९७५ मध्ये चिबाऊंनी नुमेआत मेलानेशियन कलांचा मोठा उत्सव भरवला. वेगवेगळ्या कुळांची माणसे आपापले नृत्य आणि आपापली वंशकथा घेऊन त्या शहरात आली, जे शहर त्यांना तोवर आपले वाटतच नव्हते.

‘मेलानेशिया’ या शब्दाचीही गोष्ट अशीच आहे. १८३२ मध्ये द्युमाँ द्युर्व्हील या फ्रेंच दर्यावर्दीने कातडीच्या रंगावरून या बेटांना ‘काळी बेटे’ म्हटले आणि त्यांतल्या माणसांना त्याने आपल्या श्रेणीत सर्वांत खाली बसवले. आज फिजी, पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटे आणि वानुआतू ही चार राष्ट्रे ‘मेलानेशियन स्पिअरहेड ग्रुप’ हे नाव अभिमानाने लावतात आणि कनाक आघाडी त्या गटाची पूर्ण सभासद आहे.

आपण मानववंशशास्त्र शिकत आहात, म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. १८७८ च्या उठावाचा नेता आताई मारला गेल्यावर त्याचे शिर पॅरिसला नेऊन संग्रहात ठेवले गेले. ते त्याच्या वंशजांच्या हाती परत आले २०१४ मध्ये, एकशे छत्तीस वर्षांनी. आपल्याच विषयाच्या नावाखाली ते इतकी वर्षे तेथे राहिले होते.

“आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार एखाद्या देशातला कोणताही वांशिक गट स्वयंनिर्णय मागू शकतो का? तसे असेल तर कोणता देश अखंड राहील?” – वकील, कोल्हापूर

तसा सरसकट हक्क कायदा देत नाही. १४ डिसेंबर १९६० चा संयुक्त राष्ट्रांचा ठराव १५१४ सर्व लोकसमूहांना स्वयंनिर्णयाचा हक्क देतो आणि त्याच ठरावाचा सहावा परिच्छेद देशाच्या अखंडतेला बाधा आणणारा प्रयत्न निषिद्ध ठरवतो. दुसऱ्या दिवशीच्या ठराव १५४१ ने व्यवहारातली वाट आखली. जो प्रदेश राज्यकर्त्या देशापासून भौगोलिकदृष्ट्या अलग आहे आणि वांशिक वा सांस्कृतिकदृष्ट्या वेगळा आहे, तो परतंत्र मानावा, आणि त्याला स्वातंत्र्य, मुक्त सहबंध (कारभार स्वतःचा, पण दुसऱ्या देशाशी स्वेच्छेने जोडलेला) किंवा समान हक्कांनिशी विलीनीकरण असे तीन मार्ग असावेत. मधे समुद्र असला की वसाहत, जमीन सलग असली की अंतर्गत प्रश्न, असा त्याचा ढोबळ परिणाम झाला. संयुक्त राष्ट्रांच्या यादीत आज सतरा परतंत्र प्रदेश आहेत आणि त्यांतले सहा पॅसिफिकमध्ये आहेत: न्यू कॅलेडोनिया, फ्रेंच पॉलिनेशिया, ग्वाम, अमेरिकन सामोआ, टोकेलाऊ आणि पिटकेर्न.

या नियमाने सर्वांत मोठा अन्याय पश्चिम पापुआवर झाला, असे माझे मत आहे. न्यू गिनी बेटाचा पश्चिम अर्धा भाग १९६२ च्या न्यूयॉर्क करारान्वये नेदरलँड्सकडून संयुक्त राष्ट्रांकडे आणि १ मे १९६३ रोजी इंडोनेशियाकडे गेला. लोकांचे मत नंतर आजमावले जाईल, असे त्या करारात लिहिले होते. १९६९ मध्ये ते आजमावले गेले तेव्हा आठ लाखांच्या आसपास लोकसंख्येतून निवडलेल्या हजाराहून किंचित अधिक प्रतिनिधींनी, सैन्याच्या देखरेखीखाली, गुप्त मतदानाविना, एकमुखाने इंडोनेशियात राहण्याचे मान्य केले. आमसभेने त्या प्रक्रियेची नोंद घेतली आणि तो प्रदेश ‘अंतर्गत प्रश्न’ झाला. म्हणजे कायद्याने हक्क दिला होता. तो वापरणारा समाज हजार माणसांत मावतो, असे धरले गेले.

“बूगनव्हिल बेटाने ९८ टक्क्यांनी स्वातंत्र्य मागितले, तरी ते स्वतंत्र का झाले नाही? आणि पापुआ न्यू गिनी तर स्वतःच वसाहत होती. मग हा वसाहतवाद कसा?” – बँक कर्मचारी, छत्रपती संभाजीनगर

बूगनव्हिल हे भूगोलाने आणि नातेसंबंधांनी सॉलोमन द्वीपसाखळीतले बेट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनी आणि ब्रिटन यांनी आपापसांत वाटणी केली आणि ते न्यू गिनीच्या, म्हणजे आजच्या पापुआ न्यू गिनीच्या, बाजूला पडले. बूगनव्हिलच्या लोकांची कातडी अत्यंत काळी आहे, ते ती आपली खूण मानतात आणि मुख्य भूमीवरून आलेल्यांना ‘तांबड्या कातडीचे’ म्हणतात. तरीही नुसत्या रंगावरून युद्ध पेटले नसते. १९७२ मध्ये पांगुना येथे तांब्याची प्रचंड खुली खाण सुरू झाली. ऑस्ट्रेलियाच्या राजवटीत ठरलेल्या या खाणीचा पैसा नव्या देशाच्या तिजोरीचा आधार बनला आणि खाणीचा गाळ मात्र बूगनव्हिलच्या नद्यांत गेला. तेथे बहुतेक ठिकाणी जमीन आईकडून मुलीकडे जाते. म्हणूनच १९६९ मध्ये रोरोव्हाना येथे जमीनमोजणीला पहिला अडथळा केला तो बायकांनी, मोजणीचे खुंट उपटून. जमिनीचा मोबदला ठरवणाऱ्यांनी मात्र बोलणी पुरुषांशी केली.

१ सप्टेंबर १९७५ रोजी, पापुआ न्यू गिनी स्वतंत्र होण्याच्या पंधरा दिवस आधी, बूगनव्हिलने उत्तर सॉलोमन प्रजासत्ताकाची घोषणा केली. कोणीही ते मानले नाही. १९८८ मध्ये फ्रान्सिस ओना यांच्या नेतृत्वाखाली खाणीवर घातपात सुरू झाले, १९८९ मध्ये खाण बंद पडली, बेटाची नाकेबंदी झाली आणि दहा वर्षांच्या युद्धात हजारो माणसे मेली, त्यांतली पुष्कळशी औषधांवाचून. २००१ च्या शांतता करारात सार्वमताचे वचन मिळाले आणि २०१९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ते पार पडले. १,८१,०६७ मतांपैकी १,७६,९२८ मते स्वातंत्र्याला मिळाली. परंतु करारानुसार हा कौल बंधनकारक नाही. दोन्ही सरकारांनी सल्लामसलत करायची आणि अंतिम निर्णय पापुआ न्यू गिनीच्या संसदेने घ्यायचा. बूगनव्हिलचे अध्यक्ष इश्माएल तोरोआमा एकेकाळी बंडखोरांचे सेनानी होते. त्यांनी १ सप्टेंबर २०२७ हा दिवस स्वातंत्र्यासाठी ठरवला आहे. पापुआ न्यू गिनीत आठशेहून अधिक भाषा आहेत. एकाला दिले की इतर मागतील, ही पोर्ट मोर्सबीची, म्हणजे त्या देशाच्या राजधानीतील सरकारची, भीती आहे. ती भीती मला समजते. पण ज्या कराराने बंदुका खाली ठेवल्या गेल्या, त्याचा शेवटचा भाग न पाळणे हे त्याहून मोठे संकट ठरेल.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात: सीमा वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी आखल्या आणि स्वतंत्र झालेल्या देशांनी त्या वारशाने घेतल्या. त्या सीमेत जो नाइलाजाने अडकला, त्याला राज्यकर्ता कोणत्या वंशाचा आहे याने फारसा फरक पडत नाही.

“दहा-बारा हजार वस्तीची बेटे स्वतंत्र देश कशी होऊ शकतात? लोकसंख्येची काही किमान मर्यादा असावी की नाही?” – अभियंता, ठाणे

अशी मर्यादा कायद्यात नाही आणि नसावी. तुवालूचे उदाहरण घ्या. गिल्बर्ट आणि एलिस बेटे ही ब्रिटिशांची एकच वसाहत होती; गिल्बर्टमधील लोक मायक्रोनेशियन, एलिसमधील पॉलिनेशियन. स्वातंत्र्य जवळ आले तशी संख्येने कमी असलेल्या एलिसवासीयांना आपण झाकोळले जाऊ अशी धास्ती वाटू लागली. १९७४ मध्ये त्यांचे सार्वमत झाले. ३,७९९ मते वेगळे होण्याच्या बाजूने आणि २९३ विरुद्ध. १९७८ मध्ये तुवालू हा स्वतंत्र देश झाला. वांशिक वेगळेपणाच्या आधारे वसाहत विभागली गेली आणि अखंडतेचा सहावा परिच्छेद कोणाला आडवा आला नाही.

याच वसाहतीत बनाबा नावाचे एक लहानसे उंच बेट होते. त्याच्या लोकांनीही वेगळे होऊ द्या, अशी मागणी केली होती, आणि मला हे उदाहरण सर्वांत जास्त छळते. बनाबात १९०० साली फॉस्फेट सापडले आणि पुढची ऐंशी वर्षे ते खणून खतासाठी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला गेले. युद्धात जपान्यांनी बेटवासीयांना इतर बेटांवर नेले. युद्ध संपल्यावर, डिसेंबर १९४५ मध्ये, ब्रिटिशांनी त्यांना स्वतःच्या बेटावर परत न नेता दोन हजार किलोमीटरहून दूर, फिजीतील राबी बेटावर उतरवले. ते राबी बेटसुद्धा त्यांच्याच फॉस्फेटच्या पैशातून विकत घेतलेले होते. सत्तरच्या दशकात ते लंडनच्या न्यायालयात गेले आणि एका अतिशय लांबलेल्या खटल्यानंतर ब्रिटिश सरकारविरुद्धचा त्यांचा मुख्य दावा फेटाळला गेला. १९७९ मध्ये बनाबा किरिबाती या नव्या देशात गेले आणि त्याच वर्षी फॉस्फेट संपले. त्यांना तेथील संसदेत राखीव जागा मिळाली. एलिसला जे दिले, ते बनाबाला का नाही? एलिसकडे नारळ आणि मासे होते. बनाबाच्या फॉस्फेटवर साऱ्या वसाहतीचा खर्च चालत असे. माझ्या मते उत्तर त्यातच आहे.

स्वातंत्र्य हा एकच पर्याय असतो असेही नाही. कुक बेटांनी १९६५ मध्ये आणि न्यूएने १९७४ मध्ये न्यूझीलंडशी मुक्त सहबंध स्वीकारला. त्यांचे कारभार स्वतंत्र आहेत आणि नागरिकत्व न्यूझीलंडचे.

“फिजीतील भारतीयांवर तेथील मूळ रहिवाशांनी अन्याय केला, हे आपण का लिहीत नाही? मूलनिवासींचा हक्क म्हणजे इतरांना हाकलण्याचा परवाना आहे का?” – गृहिणी, डोंबिवली

नाही, ताई, तसा परवाना तो मुळीच नाही, आणि १९८७ व २००० मध्ये फिजीत जे झाले त्याला मी अन्यायच म्हणतो. १४ मे १९८७ रोजी लष्करी अधिकारी सित्विनी राबुका यांनी भारतीय वंशीयांचे मोठे पाठबळ असलेले निवडून आलेले सरकार उलथवले, आणि तेही मूलनिवासींच्या हक्काच्या नावाने. गिरमिटियांचे पहिले जहाज फिजीला लागले होते १४ मे १८७९ रोजी, तारीखही तीच. ऊसमळ्यांसाठी १९१६ पर्यंत सुमारे साठ हजार माणसे करारबद्ध मजूर म्हणून तेथे नेली गेली. ही पद्धतच बंद करावी, असा ठराव नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडला होता आणि सरकारी बहुमताने तो फेटाळला.

तरीही दुसरी बाजू समजून घ्यावी, अशी विनंती आहे. १८७५ मध्ये, ब्रिटिश राजवटीच्या पहिल्याच वर्षी, गोवराच्या साथीत फिजीतील हजारो मूळ रहिवासी दगावले. हा समाज नामशेष होईल असे राज्यकर्त्यांनाच वाटू लागले, म्हणून त्याला मळ्यांपासून दूर ठेवले आणि मजूर भारतातून आणले. १९४६ च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक मूळ फिजीयनांपेक्षा संख्येने अधिक झाले. नव्वद टक्क्यांच्या आसपास जमीन मूळ कुळांची, ऊस पिकवणारे भारतीय वंशाचे भाडेकरू, आणि नफा साखर कंपनीचा, अशी ती घडी होती. दोन्ही समाजांना एकमेकांचे भय वाटेल अशीच ती बसवली गेली होती. न्यू कॅलेडोनियातील कनाकांहून फिजीतील मूळ समाजाची स्थिती एका बाबतीत वेगळी होती: त्यांची जमीन गेली नव्हती आणि देश स्वतंत्र झाला होता. राज्य हाती असताना मूलनिवासींचा हक्क हे ढालीचे हत्यार राहत नाही. ते दुसऱ्यावर उगारले जाते. बंडांनंतर भारतीय वंशाचे लोक मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडाला गेले. १९४६ मध्ये जे अधिक होते, ते २००७ च्या जनगणनेत ३८ टक्क्यांच्या आसपास राहिले. मे २०२३ मध्ये, आता लोकनियुक्त पंतप्रधान असलेल्या राबुका यांनी त्या समाजाची जाहीर क्षमा मागितली आणि गिरमिट दिनाची राष्ट्रीय सुटी सुरू झाली.

“गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलात मुंबईत राहणाऱ्या गोवेकरांना मत नव्हते. माझ्या वडिलांना ती खंत शेवटपर्यंत होती. पॅसिफिकमध्ये बाहेर गेलेल्यांचे काय करतात?” – व्यावसायिक, फोंडा

आपल्या पत्राने मला हे सारे लिहिण्यास अधिक बळ दिले. १६ जानेवारी १९६७ चा कौल सार्वभौमत्वाचा नव्हता. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, एवढाच प्रश्न होता, म्हणून पॅसिफिकशी त्याची बरोबरी पूर्णपणे होत नाही. फुलाला, म्हणजे विलीनीकरणाच्या चिन्हाला, १,३८,१७० मते पडली आणि दोन पानांना, म्हणजे केंद्रशासित राहण्याच्या चिन्हाला, १,७२,१९१. बाहेरच्या गोमंतकीयांना मत द्यावे, ही विलीनीकरणविरोधी नेते जॅक सिक्वेरा यांची मागणी मान्य झाली नव्हती. आणखी एक दुवा आहे: डिसेंबर १९६० मध्ये, ठराव १५४१ झाला त्याच दिवशी, ठराव १५४२ ने पोर्तुगालच्या परतंत्र प्रदेशांची जी यादी केली, तीत गोवाही होता.

पॅसिफिकमध्ये यावर एकच नियम नाही. बूगनव्हिलने बेटाबाहेर राहणाऱ्या आपल्या माणसांना मत दिले. ग्वाममध्ये अमेरिकी तळ आणि स्थलांतर यांमुळे मूळ चामोरो लोक अल्पसंख्य झाले आहेत. तेथे राजकीय भवितव्यावरचा कौल फक्त ‘मूळ रहिवाशां’चा, म्हणजे १९५० च्या कायद्याने नागरिकत्व मिळालेल्यांचा आणि त्यांच्या वंशजांचा असावा, असा कायदा झाला. २०१९ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने तो वंशभेद ठरवून रद्द केला आणि त्यासाठी आधार घेतला पंधराव्या घटनादुरुस्तीचा, जी १८७० मध्ये गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना मत मिळावे म्हणून झाली होती. हवाईत २००० साली सर्वोच्च न्यायालयाने हाच मार्ग धरला होता. त्याच हवाईत १९५९ मध्ये राज्य होण्याविषयी मतदान झाले, तेव्हा १८९३ मध्ये जिची राणी पदच्युत केली गेली त्या प्रजेच्या बरोबरीने मुख्य भूमीवरून आलेल्या वसाहतकारांनीही मत दिले होते आणि मतपत्रिकेवर स्वातंत्र्याचा पर्याय नव्हता.

टोकेलाऊ ही न्यूझीलंडच्या ताब्यातील तीन प्रवाळबेटे आहेत, एकूण वस्ती दीड हजारांच्या आसपास. तेथील बहुसंख्य माणसे पोटासाठी न्यूझीलंडला गेली आहेत, जशी गोव्याची मुंबईत आली होती. तेथे २००६ आणि २००७ मध्ये मुक्त सहबंधासाठी सार्वमत झाले. दोन तृतीयांश मते हवी होती आणि फक्त बेटांवर राहणाऱ्यांना मत होते. दुसऱ्या वेळी ४४६ जणांनी होकार दिला. सोळा मते कमी पडली.